लिनक्सला परवान्याने तारले की बीएसडीला कोर्टाने मारले?

टर्मिनलकर: "बीएसडीचा परवाना सैल होता म्हणून ती लिनक्सच्या मागे पडली", हे बर्कली विद्यापीठात घडलेल्या बीएसडी या युनिक्स प्रणालीबद्दलचे परवाच्या चर्चेतले विधान वाचून राहवले नाही. सैल म्हणजे, बदललेला सोर्स (मूळ कोड) इतरांना देण्याची सक्ती नसलेला. १९९२ मध्ये युनिक्सचे हक्क सांभाळणाऱ्या एटी अँड टीच्या यूएसएल कंपनीने, आपला कोड वापरल्याबद्दल, बीएसडी विकणाऱ्या बीएसडीआय कंपनीवर दावा ठोकला, बर्कली विद्यापीठही त्यात ओढले गेले, आणि १९९४ च्या आरंभी तडजोड होईपर्यंत बीएसडीचा कोड वापरावा की नाही, याची सर्वांनाच धास्ती होती. शेवटी सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या अवघ्या ३! तोवर लिनक्स १.० या पहिल्या पक्क्या आवृत्तीच्या उंबरठ्यावर पोचले होते. यात परवाना कुठे आला?

प्रत_डावी: कोर्टाचे रडगाणे पुरे झाले. ३८६बीएसडीत, म्हणजे साध्या पीसीवर चालणाऱ्या बीएसडीत, दुरुस्त्या वेळेवर घेतल्या जात नव्हत्या, म्हणून लोकांनी स्वतःच दुरुस्त्यांचे पॅचकिट जमवले आणि १९९३ मध्ये नेटबीएसडी व फ्रीबीएसडी अशा दोन चुली मांडल्या. पुढे १९९५ मध्ये ओपनबीएसडीने तिसरी मांडली. घरातल्या भाऊबंदकीचे खापर न्यायालयावर कशाला?

फ्लॉपीग्रस्त: आपण दोघेही कर्नलवरच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यावरच, भांडत आहात. १९९५ मध्ये मी स्लॅकवेअर या लिनक्स-संचाच्या फ्लॉप्या तीन दिवस उतरवून घेतल्या आणि नेमकी 'डी' या प्रोग्रामिंगच्या साधनांच्या मालिकेतली एक खराब निघाली. यंत्र सुरू झाले, लॉगिनही आले, पण जीसीसी हा ग्नू प्रकल्पाचा कंपायलर (सोर्सचा चालता प्रोग्राम बनवणारे साधन) नसल्यामुळे साऊंडकार्डासाठी कर्नल पुन्हा बांधता येईना. त्या दिवसापासून मी नुसते 'लिनक्स' म्हणत नाही, ग्नू/लिनक्स म्हणतो.

टर्मिनलकर: तुमच्या एका फ्लॉपीसाठी साऱ्या जगाने नाव बदलावे काय? मग १९९० पासून रखडलेल्या हर्डचे, ग्नूच्या स्वतःच्या कर्नलचेही, बारसे उरकून टाका.

फ्लॉपीग्रस्त: हर्डची थट्टा खुशाल करा, परंतु ३८६बीएसडीसुद्धा जीसीसीनेच बांधली जात होती, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. इतरांच्या कंपायलरवर उभे राहून नावाचा मान मात्र एकट्याने घ्यायचा, ही वृत्ती मला पटत नाही.

प्रत_डावी: नावाचा वाद आवरा. बदललेला कर्नल वाटणाऱ्याला त्याचा सोर्सही द्यावा लागतो, या लिनक्सच्या जीपीएल परवान्याच्या अटीमुळेच कंपन्यांचे काम लिनक्समध्ये परत येत राहिले.

टर्मिनलकर: पुढच्या काळापुरते ते मान्य, नाइलाजाने. मात्र लिनक्सच्या ०.०१ या पहिल्या आवृत्तीच्या परवान्यात पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती आणि जीपीएल आली ती १९९२ मध्ये ०.१२ बरोबर, म्हणजे पहिली गर्दी जमली तेव्हा आपली लाडकी जीपीएल तिथे नव्हतीच.

प्रत_डावी: बरे, त्या ३ फायली आणि पहिले काही महिने आपले. उरलेली वर्षे माझ्याकडे राहू द्या.