यात्रेला तमाशा, डान्सचा शो की दोन्ही नको? गावाच्या पैशाचं नक्की होतं काय?

कुकडीकाठ

गाव जुन्नर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, अर्धे पाहुणे इथंच वाचत असतात. चैत्र वद्य अष्टमीला आमच्या भैरवनाथाची दोन दिवसांची यात्रा. पहिल्या दिवशी अभिषेक, मांडवडहाळे, शेरणी, रात्री छबिना (पालखीची मिरवणूक) आणि रात्रभर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या (तमाशाचा सकाळचा खेळ), दुपारी कुस्त्या. यंदा देवळातल्या बैठकीत पोरांनी विषय काढला, तमाशा बंद करा, त्याच पैशात डान्सचा शो आणू. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, दोन्ही नको, शाळेवर पत्रे टाका. दीड तास भांडण झालं, दोनदा चहा झाला आणि ठरलं एवढंच की पाडव्याला चौघांनी नारायणगावला जाऊन निदान भाव काढून यावेत.

गेलो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, नारायणगावात या दिवसांत तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत मॅनेजर, त्याच्यापुढे तारखांची वही. गावोगावचे पंच येतात, सुपारी देतात आणि तारीख पक्की करतात. गावाचं नाव नंतर, आधी तिथी विचारतात. पौर्णिमा-अष्टमीचा भाव वेगळा, मधल्या रिकाम्या तारखेचा वेगळा. आमची अष्टमी ऐकल्यावर मॅनेजरनं पेन वहीवर ठेवून दिलं. "लई उशिरा आलात, पाटील." आमच्यात पाटील कुणीच नव्हता.

आता माझं मत. तमाशा राहावा. कलेचा पुळका म्हणून म्हणत नाही, त्यातलं मला कळतही नाही. माझा मुद्दा हिशोबाचा आहे. शेजारच्या गावानं दोन वर्षांपूर्वी डान्सचा शो ठेवला होता. वीस गावची पोरं मोटारसायकलींवर आली, कांद्याच्या वावरात गाड्या लावल्या, शो बघितला, दहाला शिट्ट्या मारत परत गेली. चहावाल्याकडं पाणी मागायलाही कुणी थांबलं नाही. मोडलेल्या खुर्च्यांची भरपाई मात्र वर्गणीतून गेली. तमाशाचं गिऱ्हाईक तसं नाही. ते सतरंजी घेऊन येतं, भजी खातं, मध्येच उठून चहा पितं, रात्री पाहुण्याकडं मुक्काम करतं, सकाळी हजेऱ्या बघतं, दुपारी कुस्त्या. मुक्कामी माणूस दोन दिवस गावात खातो-पितो. मग दाढीवाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना चार पैसे मिळतात.

शटर_अर्धं

कुकडीकाठ, तुम्ही दुकानदार नाही हे वाचताच कळलं.

माझं किराण्याचं दुकान आहे, तेही यात्रेच्या मोक्याच्या ठिकाणी, वेशीजवळ. यात्रेच्या दोन दिवसांत गल्ला सगळ्यात कमी असतो. कारण सांगतो. आदल्या रात्रीच माझ्या शटरसमोर पाल, म्हणजे फिरत्या दुकानाचा तंबू, पडतं. खेळणीवाला बाहेरचा, गुडीशेव-रेवडीवाला बाहेरचा, पाळणेवाला तर चार जिल्हे फिरून आलेला. त्यांच्याकडून पंच फुटावर भाडं घेतात आणि ते यात्रेच्या खात्यात जमा होतं. पायरी माझी, भाडं पंचांचं. वरून "दुकानदार" म्हणून माझी वर्गणी घरटी वर्गणीच्या तिप्पट. गेल्या वर्षी पालवाल्याच्या जनरेटरचा धूर थेट आत. गूळ सोडून सगळ्या मालाला डिझेलचा वास. गुळाला नसेल असं नाही, पण त्याची तक्रार कुणी केली नाही.

आता खरं तेही सांगतो. यात्रेच्या आधीच्या आठ दिवसांत माझा माल दिवाळीसारखा जातो. हरभरा डाळ, गूळ, तेल, दुसऱ्या दिवशीच्या मटणासाठी खोबरं-मसाला. घरोघर पाहुणा येतो म्हणून. तो पाहुणा देवासाठी आणि जेवणासाठी येतो, स्टेजवर कोण नाचतंय त्यासाठी नाही. तमाशा काढून टाका, माझी डाळ तेवढीच खपेल. सुपारीची रक्कम मात्र एका रात्रीत ट्रकमध्ये बसून गावाबाहेर जाते.

भैरोबाचा_भाचा

मी मुंबईत असतो. आमच्या वाडीतले मुंबईकर दरवर्षी एक गाडी ठरवून येतात आणि वर्गणीही देतात. शटरदादांशी अर्धा सहमत. आम्ही पालखीला येतो हे खरं. पण माझी दोन पोरं पालखीला येत नाहीत, ती पाळण्याला आणि कुस्तीला येतात. नुसता अभिषेक ठेवलात तर दहा वर्षांनी गाडीत मी आणि ड्रायव्हर एवढेच असू. मग डाळ कुणाला विकणार?

बारी_चुकली

यावर वाद कशाला, करमणूक काढून नुसत्या देवावर यात्रा करायचा प्रयोग आपल्या भागानं करून बघितलाय. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात-साडेसात वर्षांत जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळच्या यात्रा कशा झाल्या ते आठवा. आमच्या घाटाच्या, म्हणजे बैलगाडे पळायच्या धावपट्टीच्या, कडेला रसवंती आणि भेळेच्या गाड्या लागायच्या, त्या यायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच गाव सुनं. देव तोच, नैवेद्य तोच, जेवणंही तीच. माणूस जेवला की निघून जायचा.

बैलांच्या हालांचा मुद्दा मला मान्य आहे. घाटात पडलेला बैल मी जवळून पाहिलाय. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, डॉक्टर, अटी हे सगळं हवंच. मी फक्त बाजाराचं बोलतोय.

शटर_अर्धं

बारीदादा, त्या वर्षांत नोटाबंदी झाली आणि शेवटची दोन वर्षं करोनात गेली, तेही धरा. सगळं खापर बंदीवर फोडू नका. आणि भेळेची गाडी थांबली तेव्हा माझ्या शटरपुढची जागा मोकळी होती, हेही लिहून ठेवतो.

ढोलकीची_ओढ

इतका वेळ वाचत होतो, पण "पैसा ट्रकमध्ये बसून जातो" वाचून राहवलं नाही. माझे वडील ढोलकीवाले. हयात फडात गेली.

त्या ट्रकमध्ये काय असतं ते सांगतो. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, वादक, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे. बहुतेकांनी हंगामाआधी उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते आणि ती पावसाळ्यातच संपलेली असते. म्हणजे तुमच्या गावची सुपारी हातात पडते तेव्हा ती आधीच खर्च झालेली असते. दसऱ्याला फड बाहेर पडतो. तंबू लावून तिकिटावर खेळ केले तर पोटापुरतं सुटतं. वर्षाची खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्यांची. २०२० आणि २०२१ चे दोन्ही चैत्र बंद गेले. फडमालकांनी व्याजानं काढलेले पैसे तेव्हापासून फिटतायत. विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं, पण खुद्द विठाबाईंना शेवटच्या आजारपणात पैशाची चणचण सोसावी लागली.

शटरदादा, तुमच्या दुकानातली साखर तुमच्या शिवारात पिकत नाही. तिचेही पैसे बाहेरच जातात. तिथं तुम्ही त्याला व्यापार म्हणता. ढोलकीला पैसे गेले की ती उधळपट्टी?

आणि कुकडीकाठ, तुमच्या हिशोबातलीही एक चूक. "रात्रभर" हा शब्द आता खोडा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस ठरलेले असतात, तुमच्या भैरवनाथाची अष्टमी त्यात बसेलच असं नाही. गण, गवळण हे सुरुवातीचे भाग होईस्तोवर नऊ वाजतात. मग पोरं गाण्यांची फर्माईश करतात आणि वगाला, म्हणजे शेवटच्या नाटकाला, वेळच उरत नाही. माझे वडील म्हणायचे, वग सुरू झाला की पुढची माणसं मांडी बदलून बसायची. ती मांडी गेली तसा तुमच्या भजीवाल्याचा धंदाही गेला.

कुकडीकाठ

मान्य. "रात्रभर" हे लहानपणच्या आठवणीतून लिहिलं. गेल्या वर्षी सव्वादहाला पोलिसांची गाडी आली होती. पण मुक्कामाचा मुद्दा सोडत नाही. सकाळच्या हजेऱ्या असतात म्हणून माणूस थांबतो. डान्सच्या शोला सकाळ नसते.

पेठेतला

हे फक्त गावाकडंच नाही. पुण्यात गणपतीच्या दहा दिवसांत मंडई-तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते, खाण्याच्या गाड्यांवर रांगा असतात. आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरचा दुकानदार शटर ओढून घरी बसतो, कारण मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत संपत नाही. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक, हा समज आधी काढा. माझ्या चुलत्यांचं साड्यांचं दुकान आहे. ते म्हणतात, गर्दीत माणूस वडापाव घेतो, साडी घेत नाही.

कुकडीकाठ

पेठेतला, गणपतीचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथं मानाच्या पाच गणपतींच्या वेळांवर भांडण सुरू होईल. साडीचं वाक्य मात्र बैठकीत वापरणार.

ओसरीवरून

सगळे दादालोक हिशोब मांडतायत, म्हणून एक आकडा माझाही. गेल्या यात्रेत आमच्या घरी पहिल्या दिवशी पंचेचाळीस माणसं जेवली. पुरण पहाटे चारला शिजायला टाकलं होतं. रात्री तमाशाची ढोलकी मी मोरीत भांडी घासताना ऐकली. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, गावचा तमाशा डोळ्यांनी एकदाही पाहिला नाही. डान्सचा शो झाला असता तर तोही पाहिला नसता. तेव्हा दोन्हींपैकी काय आणायचं हे तुम्हीच भांडून ठरवा. दारू पिऊन येणारे दोन्हीकडं सारखेच.

पण धंद्याचं सांगते. गेल्या वर्षी आमच्या बचत गटानं पहिल्यांदाच पाल लावलं. मासवडी, भाकरी, रस्सा. पंचांनी जागा दिली ती एसटी थांब्याच्या मागं, मुतारीच्या बाजूला. कारण विचारलं तर म्हणे पुढच्या जागांचं भाडं बाहेरचे जास्त देतात. तरी गवळण संपायच्या आधी मासवड्या संपल्या. सात बायका, दोन चुली. सगळा खर्च जाऊन प्रत्येकीच्या हातात आठशे पन्नास रुपये पडले. यात्रेत स्वतःच्या कमाईचे पैसे मी पहिल्यांदाच मोजले. त्यातले शंभर मुलीच्या बांगड्यांना गेले, बाहेरच्या पालवाल्याकडं. शटरभाऊ, तेवढे गेले गावाबाहेर, माफ करा.

कुणी नाचवायचं यावर तुम्ही दीड तास भांडता. जागा कुणाला कुठं द्यायची यावर किती वेळ बोललात?

शटर_अर्धं

ताई, पाच मिनिटंही नाही. जागा दोन माणसं ठरवतात, चुन्यानं आखतात आणि सकाळी आम्हाला कळतं.

माझं म्हणणं थोडं बदलतो. तमाशा आणा, नका आणू, मला फरक पडत नाही. पण वेशीपासून देवळापर्यंतच्या पहिल्या जागा गावातल्यांना द्या, भाडं तेच घ्या, आणि ज्याच्या दारात पाल आहे त्याला विचारा तरी. मी स्वतः शटरपुढं सरबत लावीन. बाहेरच्याला नाही म्हणत नाही, त्याला मागं बसवा.

ढोलकीची_ओढ

बाहेरच्या पालवाल्याला मागं बसवा म्हणणं सोपं आहे. तोही आमच्यासारखाच, गावोगाव फिरून वर्ष काढणारा. खेळणीवाल्याच्या पोरांची शाळा या दोन महिन्यांत बुडालेली असते. यात्रा त्याच्यामुळंही यात्रा दिसते. गावातल्यांनी सगळी पालं लावली तर तो आठवडे बाजार होईल.

शटर_अर्धं

आठवडे बाजारात मला धंदा होतो, हो.

भैरोबाचा_भाचा

मुंबईकरांच्या वतीनं एक. आम्ही वर्गणी देतो, पण हिशोब देवळाच्या भिंतीवर लागतो तेव्हा आम्ही परत गेलेलो असतो. तो फोटो काढून ग्रुपवर टाका. पालांच्या भाड्याचा आकडा गेल्या वर्षी त्यात नव्हता म्हणतात.

कुकडीकाठ

काल पुन्हा बैठक झाली, म्हणून वर आलो.

एक, अष्टमीला मोठा फड मिळाला नाही. लहान फड मिळतोय. पोरांचं म्हणणं, मग शोच आणू. म्हाताऱ्यांचं म्हणणं, लहान का होईना, हजेऱ्या झाल्या पाहिजेत. हात वर करून लहान फड ठरला, तीन मतांनी. शाळेचे पत्रे दरवर्षीप्रमाणं पुढच्या वर्षावर गेले. मला हे आवडलं नाही आणि मी तसं बोललोही, पण तिथं माझ्या बाजूनं हात एकच होता, माझा.

दोन, जागांचा विषय मी काढला. आधी सगळे गप्प. मग एक पंच म्हणाले, "मासवडीवाल्या बायकांना पुढं आणा, पण चूल नको, गर्दीत पेटायचं." यावर अर्धा तास गेला. गॅस चालेल असं ठरलंय.

तीन, पालांच्या भाड्याची वही मागितली. ती घरी राहिली आहे.

ओसरीवरून

गॅसची शेगडी आहे, टाकी दोन घरांतून मिळेल. पुढं म्हणजे कुठं, ते सांगा. देवळाच्या उजव्या हाताला चिंचेखाली असेल तर सात जणी येतो. तिथं सावली आहे आणि तमाशाचं स्टेजही दिसतं. आखायला चुना घेऊन जाल तेव्हा आदल्या दिवशी सांगा, मी स्वतः येऊन उभी राहते.