मदत हवी आहे: सागवानी पट्टीवरचे काळे डाग परत येतायत

मंडळी, गोव्यात मांडवी नदीत नांगरलेल्या 24 फुटी शिडाच्या होडीची काठाची सागवानी पट्टी स्क्रूंभोवती काळी पडली आहे. लोखंड आणि सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) यांचा हा डाग, नुसता घासून जात नाही. एक लिटर कोमट पाण्यात 80 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, वीस मिनिटं ओलं ठेवून गोड्या पाण्याने भरपूर धुणं, एवढं झालं. (हातमोजे, चष्मा हवेतच, ॲल्युमिनियमवर थेंब नको.) पट्टी उजळली, पण तीन स्क्रूंभोवती आठवड्यात पुन्हा काळं. म्हणजे स्क्रूच गंजतायत ना? 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घालावेत की सिलिकॉन ब्राँझचे (तांब्याचा मिश्रधातू)? जुनी भोकं इपॉक्सीने भरून पुन्हा पाडावीत का?

पुढे 120, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, ॲसिटोनने लाकडातलं तेल पुसणं, पहिला हात निम्मा थिनर घालून, असा व्हार्निशचा बेत आहे. अडचण दवाची. ऑक्टोबरात संध्याकाळी उशिरा मारलेला हात सकाळी दुधाळ दिसतो. शेवटचा हात दुपारी किती वाजेपर्यंत आटपावा? आणि पणजी-वास्कोकडे अतिनील किरणं अडवणारं मरीन व्हार्निश एक लिटरच्या डब्यात मिळतं का?

सागाचं तेल कृपया सुचवू नका. या दमट हवेत त्यावर बुरशी धरते.