सहा सेकंदांच्या लढाईला वीस दिवस? लिहून खेळलेलं डी अँड डी खरं की खोटं

वीसमुखी (धागाकर्ता):
परवा एका जुन्या मित्राने सुनावलं, "तुम्ही लिहून खेळता ते डी अँड डी नव्हेच, ती पत्रापत्री." मनाला लागलं, म्हणून इथे मांडतोय. (नवख्यांसाठी: डी अँड डी म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', आपापलं पात्र रंगवत, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ.)

आमची मोहीम दोन वर्षं चालू आहे. दोघं पुण्यात, एक नाशिकला, एक न्यू जर्सीत आणि डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) एडिनबरात. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर जमेल तसं लिहितो, फासे सगळ्यांसमोर बॉट टाकतो. पूर्वी टेबलावर खेळायचो तेव्हा आम्ही निम्मं इंग्रजीतच बोलायचो. लिहायला लागलो आणि पात्रं मराठीत बोलू लागली! आमचा ड्वार्फ वऱ्हाडी आहे, ऑर्क दिसला की "काहून बे?" म्हणत पुढे होतो. आणि आमच्यातला एक जण बोलताना अडखळतो. टेबलावर तो गप्प बसायचा, "मी बाण मारतो" एवढंच. आता त्याची एल्फ रोज रात्री शेकोटीपाशी बसून मेलेल्या बहिणीला पत्र लिहिते आणि आम्ही सगळे त्या पत्राची वाट बघतो. हे खोटं कसं म्हणू?

कंदीलवाला:
पत्रं सुंदर असतील, पण असहमत. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एक राउंड, म्हणजे प्रत्येकाची एकेक पाळी, सहा सेकंदांचा. चार खेळाडू आणि डीएमचे राक्षस, प्रत्येकाची दिवसाला एक पोस्ट धरली तरी राउंडला पाच दिवस. चार राउंडची लढाई म्हणजे वीस दिवस. त्यात रिअ‍ॅक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत मध्येच द्यायचं प्रत्युत्तर. 'शील्ड' हा बचावाचा मंत्र घाव लागल्यावर टाकायचा असतो, म्हणजे दर घावाला डीएमने थांबून विचारायचं. माझी लिखित मोहीम गॉब्लिनांच्या पहिल्याच हल्ल्यात संपली. तिसऱ्या आठवड्यात दोघं गायब झाले, काही न कळवता. फासा घरंगळत असताना पाच जणांनी धरलेला श्वास बॉटच्या आकड्यात नसतो.

वीसमुखी:
एकेकाची पाळी धरली तर हिशोब बरोबर आहे. आम्ही तशी धरत नाही. राक्षसांच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन गट, गटात ज्याला आधी वेळ मिळेल त्याने आधी लिहावं. आमची विझार्ड (जादूगार) तर आधीच लिहून ठेवते, "माझा एसी (बचावाचा आकडा, हल्ल्याने तो गाठला की घाव लागतो) १५. हल्ला १५ ते १९ मध्ये बसला तरच शील्ड." शील्डने एसी पाचाने वाढतो, त्यामुळे २० किंवा त्याहून जास्त आले तर मंत्र फुकट जातो. ४८ तासांत कुणी आलं नाही, तर त्याचं पात्र त्या राउंडला 'डॉज' करतं, म्हणजे फक्त घाव चुकवत राहतं. आमचा राउंड दोन-तीन दिवसांत होतो.

रानपाखरू:
पत्रापत्री म्हणून हिणवू नका. रिक लूमिस यांनी अमेरिकेत टपालाने खेळ चालवायला सुरुवात केली १९७० मध्ये, डी अँड डी आलं १९७४ ला. पत्राने खेळणं आधीचं आहे.

पण धागाकर्त्यांनी एक गोष्ट सोडली. लिहिण्यात ज्याचा हात चालतो, त्याचंच राज्य होतं. आमच्यात एक जण चार परिच्छेदांत दार उघडून, पेटी फोडून, कैद्याला सोडवून मोकळा व्हायचा. बाकीच्यांनी करायचं काय? टेबलावर त्याला "थांब रे" म्हणता येतं. शेवटी नियम केला, एका पोस्टमध्ये एकच कृती. मोबाइलवर मराठी टाइप करायला ज्यांना वेळ लागतो, ते तरीही मागेच राहतात. याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

कंदीलवाला:
"थांब रे" हाच माझा मुद्दा. मध्येच तोडणं, तोडलेलं सावरून घेणं, यातूनच खेळ होतो. वीसमुखी, पत्रं लिहा, पण लढाईपुरते तरी कॉलवर एकत्र या. रविवारी रात्री आठ. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा असतात, सगळ्यांना जमेल.

वीसमुखी:
सगळ्यांना नाही. नाशिकचा मित्र, तोच ड्वार्फ, रविवारी रात्रपाळीला असतो. मोहिमेतला ड्रॅगन आता दोन दालनं पलीकडे आहे. त्याच्याशी आम्ही लिहूनच लढू, लागू देत महिना.