मदत हवी आहे: प्लो ड्राइव्हवेच्या तोंडाशी घालून जातो त्या बर्फाच्या भिंतीचं काय करावं? (बफलो परिसर)

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये राहतो. इथलं मोठं सरोवर, लेक एरी, गोठत नाही तोवर त्यावरून येणारा गार वारा वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आला की एका अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. तो पट्टा सरकला नाही की खालच्या गावाची धडगत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे सहा फुटांच्या वर पडला होता.

फावडं आजवर ह्यांच्याच हातात असायचं. यंदा ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी बजावलंय, बर्फ उपसायचा नाही. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, त्यात दम रोखून जड उचललं की बीपी एकदम चढतं. ह्यांना पटतं सगळं, पण मी एकटी उपसतेय हे खिडकीतून बघवत नाही, बूट चढवायला लागतात. म्हणून पुढच्या वादळाआधी मला पक्की सोय करायची आहे.

ताजा, भुसभुशीत बर्फ मला जमतो. पडत असतानाच मधूनमधून ढकलत राहायचं, फावड्याला सिलिकॉन स्प्रे मारला की चिकटतही नाही. अडतं ते ड्राइव्हवेच्या तोंडाशी, म्हणजे तो रस्त्याला मिळतो तिथे. रस्ता साफ करणारा प्लो जाता जाता तिथे कमरेएवढी भिंत घालून जातो. त्यात मीठ, राड आणि गोठलेली ढेकळं. फावडं टणकन वर उडतं. रात्रभर तशीच राहिली तर सकाळी दगड झालेला असतो.

या भिंतीसाठी टू-स्टेज स्नोब्लोअरच (बर्फ उडवणारं मशीन; यात एक पातं बर्फ फोडून आत ओढतं आणि दुसरं तो लांब फेकतं) लागतो ना? सिंगल-स्टेज (एकाच पात्याचा, हलका) किंवा बॅटरीवरचा कुणी अशा बर्फात चालवलाय का? साधारण पाच फूट उंचीच्या बाईला टू-स्टेजचं धूड वळवता येतं का, हे वापरणाऱ्या बायकांनी आवर्जून सांगा. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताची कडेची जागा आधी मोकळी करून ठेवायची, म्हणजे प्लोचा बराचसा बर्फ तिथेच पडतो, असं शेजारी सांगतात. मोठ्या वादळातही ही युक्ती चालते का? बर्फ काढायचं हंगामाचं कंत्राट घेणारे गाडी चालवायला बंदी असताना येऊ शकत नाहीत, त्यामुळे फक्त त्यांच्या भरवशावर राहायची माझी तयारी नाही.

याहून जास्त धास्ती फर्नेसच्या (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या) हवा-धुराच्या नळ्यांची आहे. आमच्याकडे त्या नळ्या घराच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून दीडेक फुटावर निघतात. वाऱ्याने ढीग साचून त्या बुजल्या तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. अलार्म प्रत्येक मजल्यावर आहेत, तरी मध्यरात्री वादळात बाहेर जाऊन नळ्या मोकळ्या करायची वेळ येऊ नये. त्या उंच करून घेतल्यात का कुणी? कुणाकडून करून घ्यायच्या, फर्नेसवाल्याकडून की प्लंबरकडून?

ड्राइव्हवे दोन गाड्यांचा आहे, रस्त्याकडे थोडा उतार. गराजमध्ये मशीनपुरती जागा करता येईल.