कुटुंबघरात पालक म्हणून राहायला जायचा विचार आहे, आमच्या मुलीसकट. कोणाला अनुभव आहे का?

पायवाट:
नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते, जरा मोठं होईल.

आम्ही दोघं चाळिशीच्या आसपास, मुलगी ९ वर्षांची. गेली तीन वर्षं एका संस्थेत सुट्टीच्या दिवशी मुलांचा अभ्यास घ्यायला जातो. ही संस्था मोठ्या बालगृहासारखी नाहीये, छोटी छोटी घरं आहेत, प्रत्येक घरात सात-आठ मुलं आणि त्यांच्यासोबत तिथेच राहणारी एक गृहमाता नाहीतर एखादं जोडपं. त्यातल्या एका घरातल्या ताई आजारपणामुळे सोडून चालल्यात आणि संस्थेने आम्हाला विचारलंय की तुम्ही याल का राहायला. सात मुलं, सगळ्यात धाकटी ३ वर्षांची, थोरला १३ चा. नवऱ्याची नोकरी चालू राहील, मला माझी सोडावी लागेल.

मनाने आम्ही अर्धे तिकडे गेलोच आहोत पण रात्री झोप लागत नाही. आमच्या लेकीचं काय होईल, तिला असं वाटेल का की आईबाबा वाटले गेले? मुलांनी मला आई म्हणावं का, का ताईच बरं? करार दोन वर्षांचा आहे, तो पुरेसा आहे का? आणि जवळच्या एकाने असं ऐकवलं की बालगृह काय आणि कुटुंबघर काय, पाटी तेवढी वेगळी, शेवटी संस्था ती संस्था. ते फार लागलं मनाला. ज्यांनी हे काम केलंय किंवा जे अशा घरात वाढलेत त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा, कडू असलं तरी चालेल.

वळचण:
पायवाट ताई, मी ११ वर्षं गृहमाता होते, आता नाही. जमेल तसं लिहिते.

पहिलं म्हणजे दोन वर्षांचा करार. मला तो अजिबात पटला नाही. मी ज्या घरात गेले तिथे माझ्या आधी चार जणी येऊन गेल्या होत्या आणि पहिल्याच संध्याकाळी सहा वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं, तू कधी जाणार? भांडून नाही, रडून नाही, गाडी किती वाजता आहे असं विचारावं तसं. ती पुढे जवळजवळ वर्षभर माझ्याशी अगदी गोड वागली, सगळं ऐकायची, आणि मला वाटत होतं किती गुणी पोर आहे, नंतर कळलं की ती पाहुण्यांशी वागतात तशी वागत होती. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा माझ्यावर ओरडून दार आपटलं त्या दिवशी ती खरी घरी आली. हे होईपर्यंतच वर्ष दीड वर्ष जातं, मग दोन वर्षांत तुम्ही निघालात तर त्या मुलाला पुन्हा एक नवी बाई बघावी लागते. आयुष्यभराचं वचन कोणीच देऊ शकत नाही पण धाकटी किमान शाळेत रुळेपर्यंत आणि थोरला घराबाहेर पडेपर्यंत तरी, असा हिशोब मनात धरून जा, नाहीतर जाऊ नका.

आई म्हणावं का, ते त्यांच्यावर सोडा. माझ्याकडच्या एका मुलाला त्याची आई चांगली आठवत होती, तो मला ११ वर्षं मावशी म्हणाला आणि आमच्यात काही कमी नव्हतं. धाकट्यांनी आपणहून आई म्हणायला सुरुवात केली. "मला आई म्हण" असं मात्र कधीच म्हणू नका, त्यांच्या डोक्यात आई नावाची एक जागा असते, कधी ती भरलेली असते, कधी दुखरी असते.

बाकी काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. उशीखाली, दप्तरात, कपाटाच्या मागे खाणं लपवून ठेवलेलं सापडेल, महिनोन्महिने, पोटभर मिळत असलं तरी. ओरडू नका, चोरीही म्हणू नका, एक डबा द्या त्याच्या नावाचा, तो कधीच रिकामा होणार नाही एवढं बघा, हळूहळू आपोआप थांबतं. मोठी मुलं अंथरूण ओलं करतात, ते सकाळी कोणाच्या लक्षात यायच्या आत आवरायचं. आणि विश्वास बसायला लागला की वागणं बिघडतं, सुधारत नाही, कारण आता तुम्ही टाकून देता का ते तपासायचं असतं. या काळात बऱ्याच जणी हाय खाऊन निघून जातात.

तुमच्या लेकीबद्दल. तिच्या वस्तू तिच्याच राहू द्या, "सगळ्यांनी सगळं वाटून घ्यायचं" हा नियम तिच्यावर पहिल्या दिवशी लादू नका. रोज थोडा वेळ फक्त तिचा, दार लावून. आणि तिला "तू नशीबवान आहेस, त्यांना बघ" हे वाक्य ऐकवू नका, त्यानेच मुलं कडवट होतात.

संस्थेला एक नक्की विचारा, तुमच्या सुट्टीच्या दिवशी घरात कोण येणार. दर वेळी तीच बदली ताई असली पाहिजे. आणि तुम्हाला सुट्टी हवीच, मी पहिली तीन वर्षं घेतली नाही, त्याची किंमत मुलांनी मोजली, माझी चिडचिड त्यांच्यावर निघायची.

दगडफूल:
मी आतून लिहितोय. १० वर्षांचा होईपर्यंत मोठ्या संस्थेत होतो, एका हॉलमध्ये साठ जण, मग ती शाखा बंद झाली आणि मला छोट्या घरात पाठवलं, तिथे १८ पर्यंत राहिलो. पाटीचा फरक म्हणणाऱ्याला सांगा की फरक शर्टाचा आहे. हॉलमध्ये कपडे धुऊन यायचे आणि ढिगातून मापाचा मिळेल तो घालायचा, माझा शर्ट असा नव्हताच. छोट्या घरात पहिल्या आठवड्यात तिथल्या काकांनी मला दुकानात नेलं आणि विचारलं कुठला रंग हवा, आणि मला सांगताच येईना, मी तिथे उभा राहून रडलो कारण मला माझा आवडता रंग माहीत नव्हता. हॉलमध्ये सगळं घंटेवर होतं, उठणं जेवणं झोपणं, ताप आला तरी तो घंटेच्या वेळेत सांगावा लागायचा. मारहाण नव्हती, उपाशी पण कधी राहिलो नाही, लोक वाईट नव्हते. पण रात्री साठ जणांमध्ये एक माणूस असायचा आणि तो दर काही महिन्यांनी बदलायचा.

आता कडू. माझी आई जिवंत होती. मला अनाथ म्हणून स्टेजवर उभं करायचे, देणगीदार यायचे तेव्हा गाणं म्हणायला लावायचे, आणि आई वर्षातून दोनदा भेटायला यायची, मला कोणी कधी सांगितलंच नाही की तिने मला का ठेवलंय. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे. छोट्या घरातल्या काकू पहिल्या व्यक्ती ज्या माझ्याबरोबर बस स्टँडवर आईला भेटायला आल्या, तिच्याशेजारी बसल्या, तिची विचारपूस केली. घरी येताना म्हणाल्या, ती आजारी असते रे, तिला तू नको नव्हतास. त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली. तेव्हा ताई, तुमच्याकडच्या मुलांचं जे कोणी असेल, आजी, दारू पिणारा बाप, लांबची मामी, त्यांच्याबद्दल घरात कधी वाईट बोलू नका. मूल ते स्वतःबद्दलच ऐकतं.

आणि १८ नंतर काय ते आत्ताच विचारा. मला एक फाइल, एक बॅग आणि शुभेच्छा मिळाल्या. काकू-काकांचा फोन चालू होता म्हणून निभावलं. पहिलं भाडं भरायला उशीर झाला, पहिली नोकरी सुटली, सणाला कुठे जायचं कळेना, हे सगळं १८ नंतरच होतं ना. घरातल्या मुलाला त्या वयात कोणी म्हणत नाही की आता फाइल घे.

नदीकाठ:
मी बालकल्याणाच्या क्षेत्रात काम करते, वरची दोन्ही उत्तरं वाचून थोडं थांबूनच लिहितेय. माझं मत जरा वेगळं पडेल. पायवाट, तुम्ही विचारताय की आम्ही चांगले पालक होऊ का. मला आधी विचारायचंय की ही सात मुलं तिथे का आहेत.

दगडफूल यांची गोष्ट अपवाद नाही. सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ च्या अहवालात मांडलं होतं की जगभर संस्थांमध्ये राहणाऱ्या मुलांपैकी पाचात किमान चार जणांचे आई किंवा वडील, किंवा दोघंही, जिवंत आहेत. अनाथ हा शब्दच फसवा आहे, युनिसेफच्या मोजणीत एक पालक गेलेलं मूलही त्यात येतं. मुलं येतात ती गरिबीमुळे, आजारपणामुळे, अपंगत्वामुळे, आईवडील वेगळे झाल्यामुळे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची, म्हणजे आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांच्या सांभाळाची, मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यात स्पष्ट लिहिलंय की केवळ गरिबी हे मूल घरातून काढायचं कारण होऊ शकत नाही, भावंडांना शक्यतो तोडू नये, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना कुटुंबातच ठेवावं. तेव्हा तुमच्याकडची ती ३ वर्षांची मुलगी, तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतंय. ती किती वर्षांची असताना आली, तिच्यासाठी नातेवाईक, फॉस्टर कुटुंब (दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणारं), दत्तक यातलं काय काय तपासलं गेलं?

लहान वय एवढं का महत्त्वाचं ते सांगते. १९४५ साली रेने स्पिट्झ या डॉक्टरने दोन ठिकाणच्या बाळांची तुलना छापली. एक अनाथालय, स्वच्छ, डॉक्टर येणारे, पण सात-आठ बाळांमागे एक नर्स. दुसरं तुरुंगातलं पाळणाघर, जिथे कैदी आया आपापलं बाळ स्वतः सांभाळायच्या. तुरुंगातली बाळं वाढली, खेळली. अनाथालयातली सुकत गेली, कितीतरी दगावली. मग रोमानियात १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आली, नको असलेली आणि न परवडणारी मुलं सरकारी संस्थांत साठत गेली, १९८९ ला तिथली कम्युनिस्ट राजवट पडली तेव्हा लाखाहून जास्त होती. तिथे बुखारेस्टमध्ये २००० सालापासून संशोधकांनी ६ ते ३१ महिन्यांच्या १३६ मुलांचा अभ्यास केला, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निम्म्यांना फॉस्टर कुटुंबात पाठवलं. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाला बिलगणं सगळं जास्त सावरलं, आणि जी साधारण दोन वर्षांच्या आत गेली त्यांचं सगळ्यात जास्त.

म्हणजे कुटुंबघरं वाईट असं मी म्हणत नाही. हीच कल्पना घेऊन ऑस्ट्रियात इम्स्टला १९४९ मध्ये एसओएस बालग्रामची सुरुवात झाली, एक आई, भावंडं, एक घर आणि भोवती गाव. महायुद्धानंतरच्या मुलांसाठी हॉलपेक्षा हे कितीतरी बरं होतं आणि मोठ्या भावंडांच्या गटाला आजही दुसरी जागा पटकन मिळत नाही. पण घर छोटं म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. त्याच संस्थेला आपल्या घरांतल्या छळाच्या तक्रारींसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र आयोग नेमावा लागला. बंद दारामागे काय चाललंय ते बाहेरच्या माणसाने येऊन मुलांशी एकट्याने बोलल्याशिवाय कळत नाही. तुमच्या घरीही कोणी असं येत असेल तर राग मानू नका, उलट येत नसेल तर मागून घ्या.

वळचण:
नदीकाठ, पटतंय, पण एक सांगू का. आईवडिलांकडे परत पाठवणं कागदावर फार सुंदर दिसतं. माझ्याकडची दोन भावंडं परत गेली आणि सात महिन्यांनी पुन्हा आली, त्यातला धाकटा बोलायचाच थांबला होता. पाठवा, पण घर नीट बघून, आणि पाठवल्यावर पैशाची आणि येण्याजाण्याची मदत चालू ठेवून. तिथे हात काढून घेतला की सगळं मुसळ केरात.

नदीकाठ:
अगदी बरोबर. परत पाठवणं हा एक दिवस नसतो, वर्ष दोन वर्षांचं काम असतं. घाईने केलेली वापसी मी पण बघितलीये.

चौथा मजला:
एक छोटी गोष्ट, देणाऱ्यांच्या बाजूने. मी पूर्वी वाढदिवसाला मुलांना भेटायला जायचो, खेळणी घेऊन, फोटो काढून यायचो. एकदा एक छोटा मुलगा मी ओळखीचा नसताना पळत येऊन गळ्यात पडला, मला वाटलं किती प्रेमळ. नंतर वाचलं की अनोळखी कोणाच्याही अंगावर असं झेपावणं हे प्रेमाचं नाही, आपलं असं कोणी नसल्याचं लक्षण असू शकतं. फार वाईट वाटलं. जाणं बंद केलं, आता दरमहा ठरलेली रक्कम देतो आणि विचारतो की यातलं गृहमातांच्या पगाराला किती जातं. काही देशांत तर पर्यटक आणि देणग्या यावेत म्हणून गरीब घरातली मुलं आणून अनाथालयं भरली जातात, ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याची दखल घेतली होती.

पायवाट:
सगळ्यांचे खूप खूप आभार. दोन वेळा वाचलं, एकदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, शर्टाच्या जागी तो उठून गॅलरीत गेला.

काल संस्थेत जाऊन बसलो तीन तास. सातपैकी पाच जणांचं कोणी ना कोणी आहे. थोरला आणि मधल्या दोघी सख्खी भावंडं आहेत, त्यांची आजी आहे पण तिला दिसत नाही. धाकटी दीड वर्षाची असताना आली, तिचा शोध घेऊन झालाय, कोणी मिळालं नाही आणि दत्तकाचा कागद मात्र वर्षभर कोणाच्या तरी टेबलावर पडून आहे. मी विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही सांगितलंय की आम्ही येऊ, पण दोन वर्षांच्या कराराऐवजी सहा, बदली ताई एकच, आणि धाकटीच्या कागदाचा पाठपुरावा आमच्यासमोर झाला पाहिजे, जरी त्याचा अर्थ ती आमच्याकडे थोडेच दिवस राहील असा असला तरी. हे बोलताना माझाच आवाज फुटला. १८ नंतरचं त्यांच्याकडे काही ठरलेलं नाही, त्यावर पुढच्या महिन्यात बैठक लावलीये.

लेकीला विचारलं. ती म्हणाली मला चालेल, पण माझं कपाट कुलपाचं हवं. वळचण ताई, तुम्ही लिहिलंच होतं.

आता एकच. आत्ताच्या ताई पुढच्या आठवड्यात जाणार. धाकटी त्यांना सोडून कोणाकडे झोपत नाही. तिला काय सांगायचं?

वळचण:
खरं तेच, लहान वाक्यात. ताईला बरं नाही, ती औषध घ्यायला जातेय, तू काही केलंस म्हणून नाही. हे एकदा सांगून होत नाही, रोज सांगावं लागेल, रात्री जास्त. गुपचूप झोपेत असताना मात्र ताईंना निघू देऊ नका, रडू देत, दोघींना रडू देत. जमत असेल तर तुम्ही आजपासूनच तिथे झोपायला जा, ताई असतानाच, आधी नुसतं त्याच खोलीत. गेल्यावर ताईंचा फोन ठरलेल्या वेळेला आला पाहिजे, त्यांना झेपेल तितके दिवस. आणि त्या रोज पांघरतात ती चादर मागून घ्या तिच्यासाठी. इतक्यात धुऊ नका.