मदत हवी आहे: एक्सईव्ही ९ई – पहिला उन्हाळा-पावसाळा काढलेल्या मालकांचे अनुभव (पुणे–गुहागर, पाच माणसं)

नमस्कार मंडळी,

महिंद्राची एक्सईव्ही ९ई ही इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं घरात जवळजवळ ठरलं आहे. दिवाळीच्या पाडव्याला गाडी दारात हवी असेल तर आता लगेच बुकिंग करायला हवं. पण त्याआधी जे ही गाडी रोज चालवतात त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

आत्ताच विचारते आहे त्याला कारण आहे. ही गाडी २६ नोव्हेंबर २०२४ ला चेन्नईत सादर झाली. १४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं आणि महिंद्राचीच दुसरी इलेक्ट्रिक गाडी बीई ६ धरून पहिल्याच दिवशी ३०,१७९ नोंदण्या झाल्या. गाड्या मार्चच्या शेवटी लोकांच्या हातात पडू लागल्या. म्हणजे पहिल्या मालकांनी एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा आता काढला आहे, बऱ्याच जणांचा गणपतीचा गावचा प्रवासही झाला असेल. व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले. त्यात चालवणारा एकटा असतो, रस्ता कोरडा असतो आणि गाडी दोन दिवसांत परत जाते. माझे प्रश्न त्यापुढचे आहेत.

आमची गरज सांगते. आम्ही दोघं, मुलगी, सासू-सासरे. राहायला पुण्यात, गाव गुहागरजवळ. गावी घर आणि आंब्याची थोडी कलमं आहेत, त्यामुळे गणपती, शिमगा, मे महिना यांखेरीजही फेऱ्या होतात. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. सध्याची डिझेल गाडी जुनी झाली, आता तिच्यावर खर्च करत बसण्यात अर्थ नाही. नवी गाडी घरात एकच असणार आणि ती दहा-बारा वर्षं वापरायची आहे.

आमचा रस्ता पुणे, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ७९ किलोवॅट-तासाच्या बॅटरीला एका चार्जिंगमध्ये जाण्याचा कंपनीचा आकडा ६५६ किमी आहे, ५९ ला ५४२. हे चाचणीचे आकडे. पाच माणसं, सामान, एसी आणि साताऱ्यापर्यंतचा हायवे धरला की ते उतरणार हे मला मान्य आहे. किती उतरतात, हे हवं आहे.

घाटाचं गणित मी करून पाहिलं. माणसांसह गाडी सव्वादोन-अडीच टनांची धरली तर सहाशे मीटर चढायला साधारण ४ युनिट वीज लागते. म्हणजे मोठ्या बॅटरीचा पाच टक्के, छोटीचा सात टक्के. उतरताना त्यातली बरीच परत मिळते. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आणि आमचं गाव समुद्राला लागून, त्यामुळे जाताना उतार आपल्या बाजूने आणि परत येताना तेवढाच चढ उरावर. मला भीती जाण्याची नाहीच, येण्याची आहे. गावाहून निघताना बॅटरी भरलेली नसेल तर चिपळूण किंवा कराडच्या बाजूला थांबावं लागणार. गणपतीनंतरच्या परतीच्या गर्दीत तिथे रांगा होत्या का? बंद चार्जरचा अनुभव मी स्वतः एका मैत्रिणीच्या गाडीत घेतला आहे. एका कंपनीच्या ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद होता आणि बरोबर म्हातारी माणसं घेऊन आम्ही तासभर दुसरा शोधत फिरलो. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांच्या जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात. म्हणून हा मुद्दा माझ्यासाठी मोठा आहे.

सुरुवातीला ७९ ची बॅटरी फक्त पॅक थ्री या सगळ्यात महागड्या प्रकारात होती. जुलै २०२५ पासून ती त्याखालच्या पॅक टूमध्येही मिळू लागली. तेव्हाच्या किमती: ५९ ची २४.९० लाख, ७९ ची २६.५० लाख, दोन्ही एक्स-शोरूम. चार्जर आणि तो बसवण्याचा खर्च वेगळा. हा १.६० लाखांचा फरक आमच्या वापराला वसूल होईल का? रोजचं पुण्यातलं जाणं-येणं दोन्हींत आरामात बसतं. फरक पडणार तो फक्त गावच्या फेरीला. मिस्टरांचं म्हणणं छोटी पुरे. माझा कल मोठीकडे आहे, पण नुसत्या भीतीपोटी एवढे पैसे घालायचे नाहीत.

गावच्या विजेचं काय करता? घरी सिंगल फेज आहे. पंधरा अँपिअरच्या प्लगवरून तासाला तीन युनिट धरले तर रात्रभरात तीस युनिट, म्हणजे छोटी बॅटरी निम्मी. आमचा मुक्काम निदान दोन रात्रींचा असतो, तेव्हा हिशोबाने भागतं. पण मे महिन्यात सगळा गाव घरी असतो, पंखे-पंप सगळं चालू, आणि दिवे पिवळे पडतात. अशा व्होल्टेजवर गाडी चार्ज होते का, की चार्जिंग मध्येच थांबतं? आणि साध्या प्लगला लावायची केबल गाडीबरोबर येते की वेगळी घ्यावी लागते?

पावसाचं विचारायलाच हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या नात्यातल्या लोकांनी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत पाहिलं. बॅटरीला आयपी६७ दर्जा आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी. पण वाहत्या गढूळ पाण्यातून जाणं वेगळं. मुद्दाम कोणी पाण्यात घालणार नाही, तरी पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी रस्त्यावर येतं तेव्हा कुणी किती पाण्यातून गाडी काढली, नंतर काही तपासून घ्यावं लागलं का, तेवढं सांगा. जमिनीपासून उंची २०७ मिमी आहे. गावातली शेवटची वाट कच्ची, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. गाडीची रुंदी १,९०७ मिमी, त्यामुळे तिथे आरसे मिटूनच जावं लागणार, हे मोजून झालं आहे.

आणि सासूबाईंचे गुडघे. बॅटरी खाली असल्यामुळे अशा गाड्यांची आतली जमीन थोडी वर येते, मागे बसलं की मांड्या उचललेल्या राहतात. वर या गाडीचं छप्पर मागे उतरतं. शोरूममध्ये त्या बसल्या, छान आहे म्हणाल्या, पण त्या कुठल्याही गाडीला छान आहे असंच म्हणतात. घरातले सत्तरीच्या पुढचे कोणी सहा-सात तास मागे बसले असतील तर उतरल्यावर काय म्हणाले? काचेच्या छपरातून एप्रिल-मेमध्ये डोक्यावर ऊन जाणवतं का?

सोसायटीचं इथे थोडक्यात. आमच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायला समिती अजून 'बघू' म्हणते आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांची प्रत मी दिली आहे. पुण्यात कुणी अशी परवानगी मिळवली असेल तर अर्ज कसा लिहिला ते कळवा.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या टोलमाफीबद्दल कृपया नको. ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर आहे. आमच्या वाटेवरचे खेड शिवापूर आणि आनेवाडी हे टोलनाके राष्ट्रीय महामार्गावर येतात, तिथे पैसे भरायचेच आहेत. 'थोडं थांबा, नवीन येईल' हेही नको. नवीन नेहमीच येत राहणार.

प्रतिसाद (कोल्हापूर, ७९ ची गाडी)

ताई, एप्रिलपासून वापरतो आहे, कोल्हापूर-पुणे सतत चालू असतं. सगळा खेळ वेगाचा आहे. नव्वद-पंचाण्णववर ठेवली, चार माणसं, एसी चालू, तर साडेचारशेच्या पुढे जाते. एकशे दहा-वीसवर नेली की चारशेच्या खाली येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यापुढे तुमचा घाट किरकोळ आहे. कुंभार्लीची काळजी सोडा. पुण्याहून भरून निघालात तरी घाटाच्या माथ्यावर येईपर्यंत बॅटरीत पुष्कळ जागा झालेली असते, त्यामुळे उतारावर रीजन (वेग कमी होताना बॅटरीत परत भरली जाणारी वीज) पूर्ण मिळतं. महाबळेश्वरला रात्रभर १०० टक्के भरून सकाळी उतरणाऱ्याला ते मिळत नाही. घाटात एका पेडलवर (ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते) चालवायची सवय करा, पण आधी मोकळ्या रस्त्यावर. मागच्यांना पहिल्यांदा मळमळू शकतं, पाय हळू उचलायला शिकावं लागतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण महत्त्वाची आहे. बॅटरीची आजीवन हमी पहिल्या नोंदणीकृत मालकाला आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ती दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर होते. दहा-बारा वर्षं वापरणार म्हणता, तर आदर म्हणून सासऱ्यांच्या नावावर घेऊ नका. तुमच्या नावावर घ्या.

प्रतिसाद (चिपळूण, वायरिंगचं काम करतो)

वहिनी, गाडी माझ्याकडे नाही, पण इथे चाकरमान्यांच्या घरी चार्जिंगचे पॉइंट मी करून देतो. तुमचा खरा प्रश्न व्होल्टेजपेक्षा अर्थिंगचा आहे. आपल्याकडे कातळ आणि जांभा, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत. जुन्या घरांतलं अर्थिंग पावसात चालतं आणि एप्रिलमध्ये मरतं. गाडीला अर्थिंग नीट मिळालं नाही की ती चार्जिंग घेतच नाही, आणि लोक गाडीला दोष देतात. विहिरीजवळ किंवा न्हाणीच्या पाण्याची ओल राहते तिथे नवीन अर्थिंग काढून घ्या. मीटरपासून प्लगपर्यंत स्वतंत्र वायर, चार चौरस मिमी तांब्याची, मधे कुठे जोड नको. स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). स्वयंपाकघरातल्या पॉइंटवरून एक्स्टेंशन लावून रात्रभर गाडी चार्ज करायची नाही. तीन किलोवॅट आठ-दहा तास चालू राहणं म्हणजे गिझर रात्रभर चालू ठेवण्यासारखं आहे, जुना प्लग वितळतो. आधी मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. व्होल्टेज पडतं ते संध्याकाळी सात ते अकरा. रात्री अकरानंतर लावा.

प्रतिसाद (ठाणे)

आमच्या आई ७४ वर्षांच्या, ठाणे-दापोली मागे बसून गेल्या. चढ-उतार करणं सोपं, कारण सीट कमरेच्या उंचीला येते. मांड्यांखाली आधार कमी वाटला हे खरं. आम्ही पायाखाली काही न ठेवता मांडीखाली पातळ उशी देतो आणि दोन तासांनी थांबतो. पुढची सीट थोडी वर घेतली की मागच्याला पाय पुढे सरकवता येतात. काचेचं ऊन मे महिन्यात दुपारी जाणवलं, पडदा लावून घेतला. तुम्ही टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना मागे बसवून कात्रजपर्यंत जाऊन या, शोरूमच्या फरशीवर बसून काही कळत नाही. आणि स्टेपनीचं विचारून घ्या. पंक्चर किटवर कोकणात रात्री जायची माझी तयारी नव्हती, मी वेगळी घेतली. ती डिकीत जागा खाते, पण ६६३ लिटर आहे, चालून जातं.

धागाकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. नावाचा मुद्दा आमच्या डोक्यातच नव्हता, सासऱ्यांच्या नावावर घ्यायचं जवळपास ठरलं होतं. आज त्यांच्याशी बोलले, त्यांना लगेच पटलं. चिपळूणचे दादा, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला आहे. गावच्या घराचं अर्थिंग आणि स्वतंत्र वायर दिवाळीआधी करून द्याल का? गाडी कुठलीही आली तरी ते काम करायचंच आहे.

टेस्ट ड्राइव्ह शनिवारी, सासूबाईंना घेऊन, कात्रजच्या पुढे खेड शिवापूरपर्यंत. एकच गोष्ट अजून अडली आहे. ५९ ची बॅटरी घेऊन घाट उतरून कोकणात जाणारे कोणी इथे आहे का? गावाहून १०० टक्क्यांवर निघून, पाच माणसांसह, मधे कुठेही न थांबता पुण्यात पोहोचलात तेव्हा किती टक्के उरले होते, एवढा एक आकडा द्या. छोटी की मोठी ते त्यावरच ठरणार आहे.