एजंटाला ‘प्रोबेशन’: शिक्षा की लाड?

चिडका_बिब्बा: काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की अमेरिकेत विमा एजंट चुकला तर परवाना न काढता त्याला प्रोबेशनवर, म्हणजे काही काळ देखरेखीखाली, ठेवतात, आपल्याकडेही तसंच हवं, ‘उगाच कुणाच्या पोटावर पाय नको’. वाचून डोकं फिरलं. माझ्या वडिलांच्या गळ्यात रिटायरमेंटच्या पैशांतून एका एजंटाने युलिप (शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) मारली. एकदाच भरायचे, एफडीसारखंच आहे, म्हणाला. दुसऱ्या वर्षी हप्त्याचं पत्र आलं तेव्हा कळलं. फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करायचे, तेव्हाचे 15 दिवस कधीच उलटले होते. बाबांच्या पोटाचं काय? असल्याला वर्षभर ‘नीट वाग हं बाळा’ म्हणायचं?

सांगलीची_ताई: 19 वर्षं एजन्सी करतेय, म्हणून बोलते. 2016 च्या नियमांपासून आमच्या हातात लायसन्स नाही, कंपनीचं नेमणूकपत्र आहे. म्हणजे तपास कंपनीचा, निकालही कंपनीचाच. निलंबन नाहीतर थेट रद्द, आणि काळ्या यादीत नाव गेलं की दुसरी कंपनीही दारात उभी करत नाही. मधली पायरीच नाही. मग धंदा आणणाऱ्या बड्याला कुणी हात लावत नाही, आणि फॉर्मवर एक सही राहिली म्हणून नवखी पोर घरी बसते. आमच्याच शाखेत बघितलंय.

परदेशी_पाटील: इथे अमेरिकेत परवाना राज्य सरकार देतं. बऱ्याच राज्यांच्या कायद्यात प्रोबेशन, निलंबन, रद्द आणि दंड एकाच ओळीत लिहिलेत. शिवाय एका राज्यात कारवाई झाली की परवाना असलेल्या बाकीच्या राज्यांना 30 दिवसांत आपणच कळवायचं. ‘बाळा’ कुणी म्हणत नाही हो.

चिडका_बिब्बा: तिकडे राज्याचा विमा आयुक्त लक्ष ठेवतो. इकडे कोण ठेवणार? ज्याचं टार्गेट तो एजंट पुरं करतो तो मॅनेजर?

हप्तेबाज: ताई, ते राहू द्या. पहिला हप्ता कमिशनमधून परत देता की नाही ते सांगा.

सांगलीची_ताई: नाही देत! म्हणून गेल्या महिन्यात दोन पॉलिस्या हातच्या गेल्या. विमा कायद्याचं कलम 41 वाचा. रिबेट, म्हणजे असा परत दिलेला पैसा, देणारा गुन्हेगार तसा घेणाराही. 2015 च्या दुरुस्तीआधी दंड फार तर 500 रुपये होता, नंतर 10 लाखांपर्यंत गेला. कोणत्या गिऱ्हाइकाला झालाय कधी?

हप्तेबाज: म्हणजे आता आम्हीच चोर? 35 टक्के कमिशन खाता, त्यातले चार पैसे मागितले तर कलम दाखवता?

सांगलीची_ताई: 35 टक्के सरसकट नसतात, आणि दर वर्षी तर नाहीच नाही. गाडीचं पेट्रोल, गिऱ्हाइकाच्या पोराच्या लग्नातला आहेर, रात्री अकराला ‘क्लेमचं काय झालं’, हे सगळं त्यातूनच होतं. सोन्याच्या दुकानात मागता का हो मालकाचा नफा परत?

नाशिककर_अण्णा: मागतो की. घडणावळ कमी करून घेतोच.

परदेशी_पाटील: धागा प्रोबेशनचा होता ना?

हप्तेबाज: तुम्ही डॉलर मोजा, साहेब.

चिडका_बिब्बा: ठीक आहे, सही राहिली तर प्रोबेशन. एवढं देतो, उपकार म्हणून. फसवणुकीला मात्र थेट रद्दच. आणि हो, बाबांना आत्ता विचारलं, तेव्हाच तक्रार का नाही केलीत. म्हणाले, ‘कशी करणार? पहिल्या हप्त्यातले 8 हजार परत दिले होते त्याने.’ काय बोलणार.

हप्तेबाज: 8 हजार? मला 5 च दिले.